गोविंद तांडेलांचा वाटा

नरपडच्या किनाऱ्यावर मासळीचे सारखे ढीग पडले, की नावेतला प्रत्येकजण आपली खूण देई: कोणी शिंपला, कोणी बिडीचं थोटूक. नावेचे तांडेल गोविंद त्यात स्वतःच्या सदऱ्याचं बटण मिसळत आणि डोळे मिटून एकेका ढिगावर एकेक खूण ठेवीत. ज्याची खूण, त्याचा वाटा. मग म्हणत, "बघून घ्या, मंग उचला." त्यावर कुरकुर करायची कोणाची टाप नव्हती.

पन्नाशीत त्यांच्या छातीत कळा येऊ लागल्या आणि जाळं ओढणं सुटलं. मी डहाणूच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. तिथे मुंबईहून एक सर्जन आले. छातीतली रक्तवाहिनी बांधली की हृदयाला रक्त जास्त मिळतं, असं तेव्हा वाटे. ते खरं का, हे पाहायला चिठ्ठी काढून निम्म्या रोग्यांची नुसती कातडी कापून शिवायची, आणि कोणाचं काय केलं ते वर्षभर सांगायचं नाही. सर्जन सरळ माणूस, त्यांनी काहीच लपवलं नाही. शेजारच्या आगर-चिखले गावांची माणसं ऐकूनच उठून गेली. "उगाच कापून घ्यायला आमी काय पापलेट हाव?" एक बाई माझ्यावरच उखडली.

तांडेलांनी एवढंच विचारलं, "चिठ्ठी कोन काढनार? डाक्तर, तू?"

"बंद पाकिटातून निघेल. आधी मलाही ठाऊक नसेल."

"मंग बराबर हाय. कंपाउंडर, आंगठा कुठं लावू?"

टाके सुकले आणि तांडेल पुन्हा जाळं ओढू लागले. मी गावभर मिरवलो.

वर्षाने सर्जनांचं पत्र आलं. दोन्हीकडच्या रोग्यांना सारखाच आराम पडला होता. म्हणजे शस्त्रक्रियाच कुचकामी. तांडेलांची नुसती कातडी कापली होती. त्यांनी विचारलं तरच सांगा, असंही लिहिलं होतं.

त्यांनी विचारलंच. "माजा वाटा कोनता आला?"

"बरे आहात ना? मग कशाला?"

"वाटा बघल्याशिवाय उचलू नये."

मी पत्र वाचून दाखवलं. ते छातीवरच्या व्रणावरून बोट फिरवत राहिले. "मंग दुसरा वाटा तरी कोनाला लाभला?"

"कोणालाच नाही."

"असे वाटे मी कदी घातले नाय, कंपाउंडर."

आठवड्यात कळा परतल्या. माझ्या बाटल्यांचा काही उपयोग झाला नाही. मला खोटं वाचता आलं असतं. त्या माणसापुढे जीभ वळली नाही, आणि त्याचा पश्चात्ताप अजून जात नाही.

नाव त्यांच्याविना जाऊ लागली, तरी त्यांचा वाटा निघे. ते घरून बटण पाठवीत. एका सकाळी बटण आलं नाही. सगळ्या ढिगांवर खुणा पडल्या, एक तसाच राहिला. भरतीचं पाणी चढेपर्यंत त्याला कोणी हात लावला नाही.