नऊ नावं

सावद्याच्या बस स्टँडमागे नसीमचा कॉम्प्युटर क्लास होता. १९९८ साली तिने केळीच्या भावांची वेबसाइट चालवायचा प्रोग्राम लिहिला आणि मागेल त्याला फुकट दिला. अट एकच. कुणी दुरुस्ती केली तर ती सगळ्यांना पाठवायची आणि प्रोग्रामच्या वर आपलं नाव लिहायचं. फ्लॉप्या एस.टी.च्या कंडक्टरबरोबर रावेर, जळगाव, धुळे फिरायच्या. वर्षभरात नऊ नावं झाली. पाचवं जळगावच्या अभिमनचं.

मग धुळ्याच्या गिरधरने आपल्या प्रतीतली सगळी नावं पुसली, प्रोग्रामला कुलूप घातलं आणि तो व्यापाऱ्यांना विकायला काढला.

रविवारी नावांतले बाकी सगळे क्लासात जमले. अभिमन तापला होता.

"अक्का, आपणही कुलूप घालू. तुम्ही वाटत बसा, तो बंगला बांधील!"

"बांधू दे. वास्तुशांतीला जाऊ."

"चेष्टा नको. आज ठरवा."

"ठरलंय," नसीम म्हणाली. "उघडा राहील."

चौघे चहा न घेता उठून गेले. अभिमन बसून राहिला. ही बाई घाबरत कशी नाही, हेच त्याला कळेना.

उन्हाळ्यात बाजार पालटला. जाहीर भावावर व्यापारी जो जादा फरक देत, तो रोज बदलू लागला. प्रोग्रामात फरक कायमचा एकच धरलेला. नसीमने वरची नावं वाचली, रावेरची एस.टी. पकडली आणि तो भाग ज्याने लिहिला होता त्याला गाठलं. आठवड्यात दुरुस्ती झाली. रुसून गेलेल्या चौघांनाही तिने फ्लॉपी पाठवली. तिघांनी ती लावली.

गिरधरच्या साइटवर मात्र चुकीचे भाव येत राहिले. शेवटी सगळे व्यापारी अंगावर आल्यावर तो सावद्याला आला.

"अक्का, बठ्ठा व्यापारी मना जीववर उठेल शेतस. फरकाचा भाग कोणी लिहिला?"

"वर लिहिलं होतं की."

गिरधरने मान खाली घातली. त्या दिवशी क्लासात आलेला अभिमन दारात जाऊन पाठ फिरवून उभा राहिला. आता अक्का याला हाकलणार, याची तो वाट पाहत होता.

नसीमने कीबोर्ड गिरधरपुढे सरकवला.

"कुलूप काढ. नऊ नावं लिही. मग नवी फ्लॉपी घेऊन जा. फुकट."

अभिमन थक्क झाला. मागे एकेक बटण वाजू लागलं. पाचव्या नावाला क्षणभर थांबून पुन्हा वाजलं. आठ नावांनंतर गिरधर अडला.

"नववं आठवत नाही, अक्का."

नसीमने दाराकडे पाहिलं.

"उखर्डू," अभिमन न वळता म्हणाला. "रावेरचा. फरक त्यानेच लिहिलाय."