हो, मला कुष्ठरोग झाला होता

डॉक्टर बाईंनी माझ्या उजव्या कोपरामागची नस बोटांनी चाचपली. मग डाव्या कोपरामागची. मग पुन्हा उजवीकडची. आणि म्हणाल्या, "मॅडम, हा हॅन्सन्स डिसीज आहे."

मला वाटलं, नसांचा काही आजार असेल. मी विचारलं, "म्हणजे काय?"

"लेप्रसी. कुष्ठरोग."

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, "तुमची काहीतरी चूक होतेय. मी शाळेत शिकवते." जणू जंतू आधी नोकरी विचारून घेतात.

त्या हसल्या नाहीत. त्यांनी मला डोळे मिटायला सांगितलं. "करंगळीला नायलॉनचा दोरा लावते आहे. स्पर्श झाला की सांगा." मी वाट पाहत बसले. बराच वेळ झाला म्हणून डोळे उघडले, तर दोरा बोटावर टेकलेलाच होता, दाबून वाकला होता.



मी सुलभा. माहेर नगर जिल्ह्यातलं, तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घर. नवरा प्रभाकर रेल्वेत, म्हणून अठरा वर्षं आम्ही बनारसला आहोत. मुलगी रूथ बारावीत. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. मी गणित शिकवते आणि रविवारी चर्चमध्ये हार्मोनियम वाजवते. निदानाच्या वर्षभर आधीपासून करंगळीनं पट्टी नीट दाबली जाईना. पाठीवर आणि दंडावर फिकट चट्टे होते. खाजत नव्हते, दुखत नव्हते. कॅल्शियम कमी असेल म्हणून मी सोडून दिलं. तुम्ही तसं करू नका. चट्टा दुखत नाही, तिथे स्पर्श कळत नाही, म्हणूनच तो दाखवायचा.

त्याच दिवशी स्किन स्मिअर झालं. कानाच्या पाळीला आणि चट्ट्याला बारीकशी चीर देऊन आतला द्रव काचेवर घेतात आणि त्यात जंतू शोधतात. सापडले. मग एमडीटी, म्हणजे मल्टी ड्रग थेरपी, सुरू झाली. तीन औषधांचं एक पाकीट, महिन्याला एक, असं वर्षभर. सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. लघवी लाल होईल, कातडी काळवंडेल, घाबरू नका, असं त्यांनी आधीच सांगितलं. पुढचं वाक्य त्या माझ्याबरोबर आलेल्या प्रभाकरकडे बघून बोलल्या. "औषध सुरू झालं की संसर्गाची भीती लवकरच संपते. घरात यांना वेगळं ठेवायचं नाही. ताट नाही, अंथरूण नाही, काही नाही." प्रभाकरची आणि रूथची तपासणी झाली, दोघांना खबरदारीचा एकेक डोस मिळाला.

संध्याकाळी प्रभाकरनं ताटं घेतली. दोन टेबलावर, आणि माझं पलीकडे, खिडकीच्या ओट्यावर. तो बसला, वर बघितलं, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. उठून माझं ताट शेजारी आणून ठेवलं. म्हणाला, "सुलू, मी मुद्दाम नाही गं केलं. हात आपोआप तिकडे गेला." रूथ रडायला लागली. पंचवीस वर्षांत मला कधीही दुखावलं नव्हतं या माणसानं, आणि त्याचाच हात असा गेला. मग जगाचे कुठे कुठे जातील!

आम्ही कुणाला सांगितलं नाही. पाद्रीसाहेबांना मात्र सांगावं लागलं. ते दचकले, मग सावरून म्हणाले, "प्रार्थनेत आपण 'त्वचेचा विकार' एवढंच म्हणू." मी हो म्हटलं. रविवारी सगळ्यांनी माझ्या त्वचेच्या विकारासाठी प्रार्थना केली आणि मी मान खाली घालून बसले. मी स्वतः प्रार्थना करणं बंदच केलं होतं. तरुणपणापासून मी देवाला एकच विचारत आले, तू मला कशासाठी ठेवलंयस? दर वर्षी विचारायची. आता वाटायला लागलं, हे त्याचं उत्तर असेल तर मला नको.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी हात सुजला. चट्टे लाल झाले, कोपरामागे तापलेली तार घातल्यासारखं दुखायला लागलं. करंगळी आणि शेजारचं बोट वाकलं ते सरळच होईना. याला रिअ‍ॅक्शन म्हणतात. जंतू मरत असताना शरीरच त्यांच्यावर चवताळून उठतं आणि त्यात नस भाजून निघते. आजार वाढला असा त्याचा अर्थ नाही, पण उशीर केला तर हात जातो. मला भरती केलं. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या, हाताला स्प्लिंट, म्हणजे आधाराची पट्टी, बांधली.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती. फुलमती. तिच्या तळपायाला जखम होती, दोन्ही हातांची बोटं अर्धीच होती. मी तिच्याकडे पाठ करून झोपले. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आप बड़े दिन पर आती थीं न हमारी बस्ती में? कंबल लेकर?"

मी वळले. बड़ा दिन, म्हणजे नाताळ. दरवर्षी चर्चतर्फे आम्ही कुष्ठरोग्यांच्या वस्तीत ब्लँकेटं वाटायला जायचो.

"आप चबूतरे पर रख देती थीं," ती म्हणाली. "फिर पीछे हट जाती थीं, तब हम उठाते थे."

तिच्या आवाजात राग नव्हता. माझी ओळख पटली, म्हणून उलट ती खूश दिसत होती. मला मात्र कानाखाली बसल्यासारखं झालं. मला ते आठवतही नव्हतं. दया केल्याचं आठवत होतं. चार पावलं मागे सरकल्याचं नाही.

मी म्हटलं, "माफ करना, अम्मा."

"अरे, किस बात की?" तिनं माझा पट्टीतला हात स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला. त्या अर्ध्या बोटांनी तिनं मला तेल कसं लावायचं ते दाखवलं, वाकलेली बोटं दुसऱ्या हातानं हळूहळू सरळ कशी करायची ते दाखवलं. "रोज आँख से देखना इसको. जला, कटा, अब यह खुद नहीं बताएगा."

तीन महिन्यांत डॉक्टर आणि घरची दोघं सोडली तर माझ्या हाताला कुणी हात लावला नव्हता. मी ओक्साबोक्शी रडले. येशूनं कुष्ठरोग्याला बरं केलं ती गोष्ट मी लहान मुलांच्या रविवारच्या शाळेत कितीदा शिकवली होती. पण त्यानं आधी हात लावला, बरं नंतर केलं, हा क्रम माझ्या कधी डोक्यातच शिरला नव्हता. शिवाय त्या गोष्टीत मी स्वतःला कायम बघ्यांच्या घोळक्यात उभं केलं होतं. त्या दुपारी, कितीतरी दिवसांनी, मी प्रार्थना केली. मागितलं काहीच नाही. एवढंच म्हटलं, मी इथे आहे.

हात बराचसा परत आला. सहा महिने व्यायाम केला. करंगळी थोडी वाकडी राहिली आहे आणि तिला गरम-थंड कळत नाही. औषधाचं वर्ष संपलं, त्याच्या पुढच्या रविवारी मी चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे आपला अनुभव सगळ्यांसमोर सांगायला, उभी राहिले. पाद्रीसाहेबांना आधी कल्पना दिली होती; ते म्हणाले, "विचार करा." मी केला होता.

"मला त्वचेचा विकार नव्हता," मी म्हणाले. "कुष्ठरोग झाला होता. आता बरा झालाय."

पहिल्या बाकावरच्या एका बाईनं पर्स जवळ ओढली. मी फुलमतीबद्दल सांगितलं, ब्लँकेटांबद्दलही सांगितलं. आमेन म्हणायला दोघंतिघंच होते. बाहेर पडल्यावर लोक लांबूनच नमस्कार करून गेले. प्रभाकरनं भर फाटकात माझा हात धरला, म्हणाला, "चल."

तेवढ्यात मागून कुणीतरी हाक मारली. शीला होती. शेवटच्या बाकावर बसणारी, कुणाशी फारशी न बोलणारी. ती इकडेतिकडे बघत हळूच म्हणाली, "दीदी, मेरी चप्पल चलते-चलते निकल जाती है. दो महीने से. मुझे पता ही नहीं चलता."

मी तिथेच पायरीवर बसले आणि तिचा पाय हातात घेतला. टाचेजवळ एक जखम होती, तिला माहीतही नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळेतून अर्धी रजा काढून मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले. डॉक्टर बाई त्याच होत्या. तोच नायलॉनचा दोरा त्यांनी काढला. डॉक्टर बाईंनी विचारलं, "यांच्या कोण तुम्ही?"

मी कुणाची, कशासाठी ठेवलेली, हेच तर देवाला इतकी वर्षं मी विचारत होते, आणि त्यानं ते मला असं, सरकारी दवाखान्यातल्या स्टुलावर, समोरून विचारावं याचा मला आजही धक्का बसतो.

"बहीण," मी म्हटलं. आणि शीलाला सांगितलं, "डोळे मीट. घाबरू नकोस. मी इथेच आहे."