घरपट्टीच्या फेरीवर निघालो की...

घरपट्टी वसुलीला बाहेर पडलं की पैसे मिळतीलच असं नाही, पण किस्सा मिळाल्याशिवाय माणूस परत येत नाही! मी सोलापुरातल्या एका झोन ऑफिसात क्लार्क आहे. आमची फेरी तिघांची. पुढे माने साहेब, मधे पावतीपुस्तक घेऊन मी आणि मागे मोजायची टेप घेऊन शिपाई सिद्धूमामा. लोक पट्टी का भरतात आणि का भरत नाहीत, याचं मला अजूनही कुतूहल आहे. नुसतं घर बघून ते कधीच कळत नाही.

*

एक बंगला. कागदावर एक मजला, डोळ्यांना दोन! साहेबांनी वर बोट केलं.

मालक म्हणाले, "मजला न्हाय ओ साहेब. ऊन लई असतंय म्हणून गच्चीवर जरा सावली केलीय."

सिद्धूमामा वर जाऊन आले आणि साहेबांच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "साहेब, सावलीला दोन एसी हायत!"

*

शाळेतून रिटायर झालेल्या एका बाईंनी चष्मा लावून बिल वाचलं. "पाणी पाच दिवसांनी येतं. मग पाणीपट्टी पाचातला एकच हिस्सा घ्या."

"बाई, लोकांनी पट्टी भरली तर नवी पाइपलाइन होईल," साहेब म्हणाले.

"आणि पाइपलाइन झाली तर लोक पट्टी भरतील!"

आधी काय, पाणी की पट्टी? मी अजून विचार करतेय. साहेब शेवटी म्हणाले, "बाई, माझ्या घरी सहाव्या दिवशी येतं."

बाईंनी साहेबांना तांब्याभर पाणी दिलं आणि चेकबुक आणायला आत गेल्या.

*

एका दुकानदाराचा हट्ट होता, "दारातला खांब बंद. दिवा लावा, मग पट्टी मागा." साहेबांनी खेटे घालून दिवा दुरुस्त करून घेतला. संध्याकाळी बघायला गेलो तर लख्ख उजेड!

त्या उजेडात आम्हाला त्याची दुकानाला लागून काढलेली नवी खोली दिसली.

*

नरसम्माकडं मात्र आम्ही गेलो नव्हतो, तीच ऑफिसात आली. हद्दीच्या कडेच्या वस्तीत तिच्या पत्र्याच्या दोन खोल्या होत्या, विड्या वळून उभ्या केलेल्या. त्या वस्तीतल्या घरांची आमच्याकडं नोंदच नव्हती.

"साहेब, आमच्या घराला पट्टी लावा."

साहेब कागदातून मान वर न काढता म्हणाले, "माफ होत नाही, बाई."

"माफ नको ओ. लावा!"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मी विचारलं, "अहो, पण कशाला?"

"नळ मागायला गेलं की इचारतात, पट्टीची पावती कुटं हाय? नवरा म्हणतो, गप बस. पण लांबनं पाणी मी आणते की, त्यो न्हाय."

मोजायला गेलो तर दारात सडा, रांगोळी. टेपचं दुसरं टोक तिनंच धरलं. मामांना दया आली, त्यांनी न्हाणी सोडून दिली.

"न्हाणी बी धरा! कमी लिवू नका."

साहेबांनी विचारलं, "मालक म्हणून नाव कुणाचं?"

दारात उभ्या नवऱ्यानं घसा खाकरला. नरसम्मानं नुसतं त्याच्याकडं बघितलं. तो जरा वेळ पायानं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "तिचंच लिवा. पैसा तिचा हाय."

बिल तयार झाल्यावर ते द्यायला मी मुद्दाम स्वतः गेले. आकड्याकडं तिनं बघितलंच नाही. बोट फिरवत नाव शोधलं, त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ताई, थकलं तर नोटीस कुणाच्या नावानं येती?"

"तुमच्याच की."

तिनं मागं वळून हाक मारली, "ऐकलं का ओ? नोटीस बी माझ्याच नावानं येणार!"