बाबांचा गाण्यांचा फोन

"मास्टरच्या वरच्या जागा सुटून राहिल्या ना बे."

पॅड वाजवणारा हे हळूच म्हणाला. आमच्या अंगणात धुमालची तालीम चालली होती. मी ओसरीत चहाचे कप भरत होते आणि त्याची पाठ माझ्याकडे होती. शेजारी धुमाल पार्टीचा मालक उभा होता. त्यानं एकदा तुळशीकडे पाहिलं. मग म्हणाला, "फोनचा आवाज बसला म्हनतेत ते. गानंच बरोबर आयकू नाही येत तं वाजवतीन काय?"

"फोन मी आयकला. चांगला वाजते."

"चूप राय. दुर्गा होऊन जाऊ दे, मंग पाहू."

मास्टर म्हणजे माझे बाबा. ते तुळशीपाशी बसून बेंजोच्या तारा कसत होते, या दोघांपासून फार तर एका खाटेच्या अंतरावर. त्यांनी मान वर केली नाही. मी कप पुढे धरला तेव्हा माझ्याकडे बघून हसले आणि तारा कसत राहिले.

आमच्या गोंदियाकडे मिरवणुकीत गाडीवर धुमाल असते. पॅड, ढोल, झांज आणि मागे भिंतीसारखे रचलेले स्पीकर. या सगळ्यात गाण्याची चाल एकटा बेंजो धरतो. बाबा तो बेंजो मी जन्मायच्या आधीपासून वाजवतात. रोवणी, म्हणजे भाताची लावणी, आटोपली की गणपती, मग दुर्गा-शारदा, मग दिवाळीनंतर मंडईच्या जत्रा आणि लग्नं. उरलेल्या दिवसांत शेती. बाबांना कुणी विचारलं की काय करता, तर ते शेतीचं नाव कधीच आधी घेत नाहीत.

बाबांना सूर लिहिता-वाचता येत नाहीत. नवीन गाणं ते ऐकून बसवतात, आणि त्यासाठीच मी आठवीत असताना हा फोन घरात आला. माझ्या कंपासपेटीतल्या पट्टीसारखा सडपातळ, आणि बाजूच्या कडेला गाण्यासाठीच तीन बटणं. एक मागे न्यायचं, एक थांबवायचं, एक पुढे. बाबा तो बेंजोला टेकवून उभा ठेवायचे. एक ओळ ऐकायची, करंगळीनं बटण दाबायचं, वाजवून बघायचं, परत मागे. बोटांतली नखी खाली ठेवावी लागत नसे आणि फोनकडे बघावंही लागत नसे. गाणी मी कार्डात भरून द्यायचे. नावं इंग्रजीत असायची, पण त्यांना ती वाचायची नसतच. कितव्यांदा दाबलं की कोणतं गाणं येतं, हे करंगळीला पाठ होतं.

आवाज तर असा की आई विहिरीवर कपडे धुताना तिथून सांगायची, "दुसरं लावा ना, हे आयकून आयकून साबन संपली."

बाकी त्या फोनमध्ये नावाजण्यासारखं काही नव्हतं. फोटो काढला तर सगळे धुक्यात उभे असल्यासारखे दिसायचे. बॅटरी एका तालमीपुरती. इअरफोन त्याच्याच जातीचा लागायचा आणि तो आता कुठेच मिळत नाही. पातळपणाचंही कौतुक घरापुरतंच. एकदा रोवणीच्या वेळी बाबा वाकले आणि फोन खिशातून निसटून थेट भाताच्या बांधीतल्या चिखलात गेला. मग तो तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. दुसऱ्या दिवशी भात वाढताना आई म्हणाली, "हळू जेवा, पोटात गानं वाजन."

नोकरी लागल्यावर मी बाबांना टचस्क्रीनचा मोठा फोन घेऊन दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, सगळ्यांना दाखवला आणि चार दिवस वापरला. पण त्यांच्या बोटांची टोकं तारांनी आणि विळ्यानं इतकी कडक झाली आहेत की काचेला त्यांचा स्पर्श कळतच नसे. दहा सेकंद मागे जायचं तर गाणं सुरुवातीलाच जायचं. पाचव्या दिवशी बेंजोला पुन्हा तो जुना फोन टेकलेला दिसला. मोठा फोन आई वापरते.

या वर्षी पोळ्याच्या सुमारास बाबा म्हणायला लागले, "याचा आवाज बसला, बाई." ते मला बाई म्हणतात. मी फोन घेऊन आतल्या खोलीत गेले, दार लावलं आणि गाणं लावलं. सुरुवातीची मंजिरीची बारीक किणकिण, बासरी, गाणारीचा श्वास घेतल्याचा आवाज, सगळं होतं. बाहेर येऊन मी म्हटलं, "ठीक वाटतो." बाबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हं."

त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागले. लक्ष ठेवणं मला जमतं. बोलणं जमत नाही. कुकरची शिट्टी झाली तरी चुलीजवळ बसलेल्या बाबांची मान वळत नसे. ढोलाचा ठोका मात्र गल्लीच्या टोकावरून ओळखायचे. तालमीत चाल बरोबर असायची, पण गाणारी जिथे आवाज वर नेऊन बारीक वळवते, त्या जागा बेंजोवर सपाट जायच्या. या जागांसाठीच लोक गाडीसमोर थांबायचे आणि बाबांकडे बोट दाखवायचे.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी इंग्रजी शाळेत शिकले. वर्गात वाचायला उभी राहिले की टीचर म्हणायच्या, "लाउडर." घरी आई म्हणायची, "काऊन तोंडातल्या तोंडात बोलून राहिली?" शाळेची भाषा घरी चालत नव्हती, घरची शाळेत चालत नव्हती, म्हणून मी दोन्ही हळू बोलायला लागले. ऑफिसात अजूनही मला सगळं दोनदा सांगावं लागतं. बाबांनी मात्र मला कधी मोठ्यानं बोल म्हटलं नाही. तालीम जोरात चालू असताना मी दारात उभी राहून पुटपुटले, "जेवण झालं," तरी ते बेंजोवरून मान न उचलता म्हणायचे, "आलो, बाई." लहानपणी मला वाटायचं की माझा आवाज बाबांपुरता पुरेसा आहे आणि बाकीच्यांची काही फारशी गरज नाही.

या पावसाळ्यात ते पहिल्यांदा मला म्हणाले, "काय?"

मग पुन्हा एकदा. मग रोज.

तालमीतलं बोलणं ऐकलं त्या रात्री जेवताना बाबांनी जाहीर केलं की फोन गोंदियाला नेऊन स्पीकर बदलून आणायचा. आई म्हणाली, "तेरवी करा आता त्याची."

या वेळी ते आईच्या तोंडाकडेच बघत होते, म्हणून त्यांना कळलं. "तुझ्याच आवाजानं बसला तो," ते म्हणाले, आणि आई पदर तोंडाला लावून हसली. मी नाही हसले. फोन बिघडलेला आहे तोवर बेंजो बाबांचा होता. मालकही तेवढंच धरून बसला होता. एकदा फोन चांगला ठरला की दुर्गेनंतर गाडीवर दुसरा कुणी उभा राहील, आणि हे मला माहीत होतं तसं बाबांनाही कुठेतरी माहीत असावं, कारण गेल्या महिन्यात ते दुरुस्तीच्या दुकानात जायचं म्हणून तीनदा निघाले आणि तीनदा बाजार करून परत आले होते.

रविवारी मी सोबत गेले. बसमध्ये त्यांनी फोन रुमालात गुंडाळून हातात धरला होता. दुकान बाजारातल्या एका बोळात आहे, समोर फक्त काउंटर, वर जाळीचा पंखा. दुरुस्तीवाल्यानं गाणं लावलं. शेजारच्या बांगड्यांच्या दुकानातल्या बायका वळून बघायला लागल्या.

"अंकल, आवाज तो एकदम बढ़िया है," तो म्हणाला.

"बसला आहे," बाबा म्हणाले. "वरतं वरतं नाही येऊन राहिलं. खोल तू."

"खोल दूँगा, पर गारंटी नहीं. इतना पतला है, अंदर की पट्टी टूट गई तो गया. इसका पार्ट अब कहीं नहीं मिलता."

बाबा त्याच्या ओठांकडे बघत होते. त्यांना किती कळलं कोण जाणे. ते माझ्याकडे वळले. "बाई, तूच सांग त्याले तुझ्या हिंदीत. खोल म्हन."

दुरुस्तीवाल्यानं स्क्रू काढायचा बारीक पेचकस उचलला होता. तो मला म्हणाला, "बोलो दीदी, खोलूँ?"

मी हळूच म्हटलं, "बाबा, राहू द्या."

"काय?"

ते माझ्याकडे झुकले. पूर्वी मी लहान होते म्हणून झुकायचे, तसेच. त्यांच्या कानावरचे केस पांढरे झाले होते आणि कानाच्या पाळीला सकाळचा दाढीचा साबण लागून वाळला होता. मला तो पुसावासा वाटला. पेचकसाचं टोक फोनच्या कडेला लागलं होतं. तो फोन उघडला असता तर बहुतेक मेलाच असता. मग बाबांनी कदाचित म्हटलं असतं की फोन गेला म्हणून बेंजो गेला, आणि आम्ही सगळे मान हलवून तेच म्हणत राहिलो असतो. ते त्यांना सोपं गेलं असतं. पण गाणं बसवायला त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतं, आणि आतल्या खोलीत दार लावून मी ऐकलेली ती मंजिरी त्याच फोनमध्ये होती.

मी काउंटरवरच्या फोनवर हात ठेवला. दुरुस्तीवाला थांबला. बांगड्यांच्या दुकानातल्या बायका अजून बघत होत्या, आणि मला इतक्या लोकांसमोर, इतक्या मोठ्यानं, कधी काही बोलल्याचं आठवत नाही.

"बाबा, फोन चांगला आहे. तुमालेच आयकू नाही येऊन राहिलं."