गिटारवाल्या म्हाताऱ्यांच्या मुलाखती

माझा मुलगा गिटार वाजवायचा. धाटावच्या कंपनीत शिफ्ट करायचा आणि सुट्टीला रोह्याच्या दोन मित्रांबरोबर हळदीत वाजवायला जायचा. त्यांच्या आवडीची दणदणाटी इंग्रजी गाणी हळदीत कोणाला हवी नसत, म्हणून ती आमच्या जोहे गावातल्या घराच्या पडवीत वाजत. मला तो गोंगाट वाटायचा. अजूनही वाटतो.

मग त्याचा डावा हात मशीनमध्ये गेला. मधली दोन बोटं गेली. गिटारच्या तारा डाव्या हाताने दाबतात. त्याने गिटार खिळ्याला अडकवली आणि वर चादर टाकली. तिच्याकडे बघेनासा झाला. त्याने ती एकदा खाली काढावी, एवढंच मला हवं होतं.

गाणी त्याने बंद केली. पण मोबाइलवर मुलाखती ऐकायला लागला. परदेशातले म्हातारे गिटारवाले, सुरकुतलेले, लांब केसांचे, तासभर बोलत बसायचे. रविवारी मित्र मोटारसायकलवर यायचे, मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवायचे आणि तिघे ऐकायचे. मी शेजारी गणपतीचे हात घेऊन बसायची. कच्च्या मूर्तींची तुटलेली बोटं नवी करून बसवायची, हे कारखान्यातलं माझं काम. थोडं घरी आणते.

"थांब, मागं घे! कुठली तार म्हनला?"

"गप रे, तो सांगतोय ना."

मुलाखतीत प्रश्न विचारणाऱ्या माणसावर त्यांचा फार जीव. तो मध्ये तोंड घालत नाही, म्हाताऱ्याला आठवेपर्यंत थांबतो, म्हणून. व्हिडिओखाली कुठकुठले लोक त्याचे आभार लिहायचे, ते एक मित्र वाचून दाखवायचा. स्वतःही लिहायचा.

"काकी, असा विचारनारा मिळाया नशीब लागतं."

"मला इचार," मी म्हणायची. "मी पन म्हातारी हाय."

कारखान्यातल्या बायकांनाही कळलं होतं. "काय गो, तुझ्याकडं गोरे म्हातारे बसतात म्हनं दर रविवारी? चहा तरी देतेस काय त्यांना?"

मला मात्र बरं वाटत होतं. मुलगा गिटारचं बोलणं ऐकतोय, म्हणजे आज ना उद्या चादर निघेल, असा माझा हिशोब.

एका रविवारी मोबाइलवर एक म्हातारा आला, त्याची बोटं संधिवाताने वाकडी झालेली. माझा मुलगा मला मराठीत सांगत होता. विचारणाऱ्याने विचारलं, आता वाजवता येणार नाही हे कळलं, त्या दिवशी तुम्ही काय केलंत? आणि त्याला आठवेपर्यंत थांबला. मग म्हातारा म्हणाला, कुत्र्याला फिरवून आणलं. आणि नंतर सगळ्या गिटारी देऊन टाकल्या, कारण न वाजणारी गिटार घरात बघवत नव्हती.

मी हातातलं काम खाली ठेवलं. "आन् तू? तू काय केलंस त्या दिवशी?"

मित्र माझ्याकडे बघायला लागले. दवाखाना, पट्ट्या, कंपनीचे कागद, सगळं बोलून झालं होतं. हे कोणी विचारलं नव्हतं.

"जेवलो," तो म्हणाला. "दवाखान्यातून आलो तवा तू सुकटीचं कालवन केलं व्हतंस. दोनदा भात घेतला."

"व्हय, घेतलास."

"मग समजलं, आता वाजवनं नाय."

मी पुन्हा बोटं बसवायला घेतली.

पुढच्या रविवारी मुलाखत लावायच्या आधी तो उठला आणि चादर काढली. मला वाटलं, आली वेळ. तो गिटार मांडीवर घेऊन बसला. डाव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी खुंट्या पिळायच्या आणि उजव्याने तार छेडायची, असं एकेक तार लावत गेला. सगळ्या तारा नीट लागल्यावर उजवा हात एकदा सगळ्यांवरून फिरवला. तेवढंच.

मग त्याने गिटार एका मित्राला दिली. "तू वाजव. हितं नको."

"अरं, राहू दे ना. आज नाय तर उद्या..."

"ने म्हनलं ना!"

मित्राने माझ्याकडे पाहिलं. ठेव, असं मी म्हणेन असं त्याला वाटलं असावं. माझ्या तोंडापर्यंत आलंही होतं. मी म्हटलं, "ने. चादर पन ने, धूळ लागंल."

मित्राने गिटार पाठीला बांधली आणि दोघे रोह्याकडे निघून गेले.

रविवारी ते अजून येतात. तिघे मुलाखती ऐकतात, मी बोटं बसवते. खिळा भिंतीत तसाच आहे. त्याला मी बाजाराची पिशवी अडकवते.