शेवटच्या चिमट्याचं पान

मी आज जो काही आहे, त्यात सगळ्यात मोठा वाटा नाशिकरोडच्या चित्रकलेच्या बाईंचा आहे. त्या माझ्या शाळेतल्या बाई नव्हेत. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांचा क्लास त्या घराच्या पुढच्या खोलीत घ्यायच्या, आणि रविवारी दुपारी मुलं गेली की तीच खोली आम्हा कॉमिक्स काढणाऱ्यांची व्हायची.

आम्ही पाच-सहा जण असू. मी निफाडजवळच्या खेड्यातला, घरातला पहिला पदवीधर, पतसंस्थेत कारकून. एक जण फ्लेक्सची डिझाइनं करायचा, त्याला सगळे दादा म्हणत. एक नर्सिंगची विद्यार्थिनी होती. बाकीचे येऊन-जाऊन. खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कपडे वाळत घालायची दोरी होती. आठवडाभरात काढलेली पानं चिमट्यांनी तिला लावायची आणि सगळ्यांनी दोरीच्या कडेकडेने सरकत वाचायची. ज्याचं पान, त्याने तोंड उघडायचं नाही. "वाचणाऱ्या प्रत्येकाच्या घरी जाऊन समजावून सांगणार आहेस का?" असं बाई म्हणायच्या.

माझं पहिलं पान आईवर होतं. द्राक्षाच्या बागेतलं काम संपवून संध्याकाळी घरी आलेली आई. 'मी आज अतिशय थकले आहे, परंतु तुझा अभ्यास पाहून माझा सर्व शीण नाहीसा झाला' असं मी तिच्या तोंडी घातलं होतं. कागदावर लिहायचं म्हणजे शुद्धच लिहायचं, एवढं मी शाळेत पक्कं शिकलो होतो. त्या वाक्यासाठी काढलेला संवादाचा फुगा एवढा मोठा झाला की आईचा अर्धा चेहरा त्याखाली गेला.

दादा वाचून म्हणाला, "काकू रेडिओवर बातम्या देतात का रे?"

सगळे हसले. मीही हसलो, पण कान तापले होते.

बाईंनी विचारलं, "आई घरी आल्यावर खरं काय म्हणते?"

"'लय दमले रं' म्हणते. कधी कधी तेबी नाय."

"मग तेवढंच लिही. तिचा चेहरा दिसू दे."

कॉलेजात गेल्यापासून चारचौघांत घरची बोली तोंडातून निसटू नये म्हणून मी फार सांभाळून असायचो. ती तेव्हा निसटली होती, आणि बाईंनी तीच कागदावर मागितली. पुढच्या रविवारी मी तेच पान नव्याने काढून आणलं. कोणी हसलं नाही. दादा त्या पानापाशी बराच वेळ उभा होता.

दोरीचा शेवटचा चिमटा बाईंचा. दर रविवारी त्या एकाच गोष्टीचं पुढचं एक पान लावायच्या. गोष्ट मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमधल्या एका मुलीची. दिवसभर गाड्या दारावरून जातात, पण ती कधीच कुठे गेलेली नाही. एके दिवशी ती एकटीच फलाटावर येते. त्यांनी लावलेल्या शेवटच्या पानाच्या खालच्या चौकटीत गाडी हललेली आहे. मुलीचा एक पाय डब्याच्या पायरीवर आहे, दुसरा अजून फलाटावर.

ते पान लागलं त्याच आठवड्यात बाईंचा मुलगा त्यांना बडोद्याला घेऊन गेला. सुनेची नोकरी, नातू लहान. क्लास बंद झाला, खोली भाड्याने गेली. दोरी आम्ही दादाच्या फ्लेक्सच्या दुकानात नेऊन बांधली.

आमचे रविवार चालू आहेत. नवी पोरं येतात, चांगली काढतात. मी वाचत वाचत शेवटपर्यंत जातो आणि तिथे उगाच रेंगाळतो. शेवटचा चिमटा रिकामा ठेवायचा असं कुणी ठरवलं नव्हतं, पण त्याला कुणी हात लावत नाही.

एकदा मात्र तिथे पान दिसलं. मुलगी गाडीत खिडकीपाशी बसली होती, केस वाऱ्यावर उडत होते. रेषा हुबेहूब बाईंची. क्षणभर मला वाटलं, टपालाने आलं.

नर्सिंगवालीने जवळ जाऊन वाचलं. "दादा, मस्त जमलंय," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण काढून ठेवा ते."

दादाने चिमटा सोडवला. "मला फक्त तिला आत बसलेली बघायची होती," तो म्हणाला.

मागच्या महिन्यात मी बाईंना फोन केला. "बाई, ती मुलगी चढली का उतरली?"

"तुला काय वाटतं?"

"मला नाही ठरवता येत."

"मलाही नाही आलं रे. आणि आता कोण बसणार कागद घेऊन? या लबाडाची दुधाची बाटली हातातून सुटत नाही."

मागे नातू रडत होता. फोन ठेवावा लागला. बोलायचं राहिलं ते मी लिहून पाठवलं:

"बाई,

पाकिटात तुमच्या मापाचे कोरे कागद घातले आहेत. दर आठवड्याला पान जमणार नाही हे कळतं. एक चौकट पाठवली तरी चालेल. बाळ झोपल्यावर ओट्यावर कागद ठेवून काढा.

ती चढली असेल तर पुढचं स्टेशन दाखवा. उतरली असेल तर घरी जाताना दाखवा. काय घडावं हे आम्ही सांगणार नाही, दादासुद्धा आता सांगणार नाही. माझ्या आईचा चेहरा तुमच्यामुळे कागदावर आला. त्याची परतफेड मला जमणार नाही, आणि तरी मी तुमच्याकडे आणखी मागतो आहे.

नुसतं पेन्सिलीत पाठवलंत तर शाई आम्ही मारू. नको, शाईही तुमचीच असू द्या. वेळ लागू दे. आम्ही थांबतो.

क्लासच्या हजेरीत कधीच नसलेला,
तुमचा विद्यार्थी"