मुठीतली पोत

आमचं भांड्यांचं दुकान जाम गावाच्या चौरस्त्यावर. लोक घरातलं जुनं पितळ आणून घालत आणि स्टील घेऊन जात. ते पितळ आम्ही मोडीत घालायचो. मग मुलानं घरात कॉम्प्युटर आणला, इंटरनेटवरच्या बाजारात दुकान मांडलं, आणि बायांनी जन्मभर ज्यात पाणी भरलं ते पितळी गुंड मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांत शोभेला जाऊ लागले. पहिला गुंड मी चिंच लावून लख्ख घासला, तर मुलगा माझ्यावरच ओरडला.

"आई, काऊन घासला? त्यायले काळाच पाह्यजे."

"मळका?"

"मळकाच विकते."

मी चौथीपर्यंत शिकलेली. त्या बाजाराचं मला एवढंच समजलं आणि पुढे तेवढं पुरलं.

दोन हजार सात-आठच्या सुमाराची गोष्ट. त्या बाजारातल्या विकणाऱ्यांची आपसात एक मंडळी होती. कोणी कोणाला पाहिलेलं नाही, पण रोज कॉम्प्युटरवर गप्पा. दिवाळीच्या तोंडावर त्यांना दानाची हुक्की आली. प्रत्येकानं आपल्या गावातला एक गरजू सुचवायचा, त्याचा फोटो आणि हकीकत टाकायची, सगळ्यांनी पाहून पसंत करायचं आणि पसंत पडलेल्याला कामाची वस्तू द्यायची. मुलगी पाहायला जातात तसंच, फक्त पोहे नाहीत.

आमच्या घरानं भाजीवालीचं नाव दिलं. ही बाई गावाबाहेरच्या तुकड्यात वांगी, मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, पिकवायची आणि डोक्यावर टोपलं घेऊन दारोदार विकायची. नवऱ्याला लकवा मारलेला. एक हात, एक पाय गेला होता आणि बोलणं अर्धं तोंडातच राहायचं. आता तिचीच मान धरली होती. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोक्यावर ओझं घेतलं तर हातही जातील. तिला हातगाडी हवी होती. नाही मिळाली तर नवऱ्याला घेऊन भावाच्या दारी पडणं एवढाच रस्ता, आणि भावजय कशी होती ते साऱ्या जामला ठाऊक.

फोटो काढायचा म्हटल्यावर ती आदल्या दिवशी माझ्याकडे आली.

"काकू, तुमचं लुगडं देता का वो एक? अन् एकदाणी?"

दिली. आमच्याकडे बाई फोटोला उभी राहते ती लग्नात नाहीतर तेरवीत, आणि तेरवीत तिचा स्वतःचाच फोटो असतो. तिनं माझं नागपुरी लुगडं नेसलं, गळ्यात माझी सोन्याची एकदाणी घातली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलं आणि देवीसारखी उभी राहिली. सुनेनं हकीकत लिहिली. सून नागपूरची, बी.ए. झालेली.

दोन दिवसांनी मुलगा तोंड पाडून बसला. मंडळींनी लिहिलं होतं, बाईच्या अंगावर आमच्या आईच्या अंगावर नाही एवढं सोनं आहे, हिला गाडी कशाला? आमचा मुलगा चेष्टेचा विषय झाला होता आणि त्याला त्याचंच जास्त लागलं होतं.

त्यानं तिला परत बोलावलं. सुनेनं एक लुगडं आणलं. भाजीवालीनं ते उलटसुलट पाहिलं.

"हे तं तुमचं पोछा माराचं फडकं होय, बाई."

"धुतलंय मी," सून म्हणाली.

तिनं ते नेसलं. टोपलं डोक्यावर घेतलं. मुलगा कॅमेऱ्यातून पाहून म्हणाला, "कुंकू लय मोठं दिसून राह्यलं. पुसा जरा." तिनं पुसलं. मग म्हणाला, "गळ्यातलं बी काढा." गळ्यात तिची स्वतःची काळ्या मण्यांची पोत होती, मधे सोन्याचा एक ठिपका. त्या ठिपक्याची त्याला भीती.

"मालक जिता हाय न माह्या, भाऊ."

"फोटोपुरतंच तर आहे ना," सून म्हणाली.

भाजीवालीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "तुले गाडी पाह्यजे का नाई, थे सांग."

तिनं पोत काढली आणि मुठीत धरली. फोटोत मूठ दिसते, पोत दिसत नाही.

तो फोटो सगळ्यांना फार आवडला. बायका रडल्या म्हणे, कॉम्प्युटरसमोर.

गाडी द्यायला नागपूरहून त्या मंडळींतले तिघे आले. दोन बायका, एक गृहस्थ. नारळ, हार, कॅमेरा. गाडी खरंच चांगली होती, रबरी चाकांची, हिरव्या रंगाची. समोर पत्र्याची पाटी. भाजीवालीला वाचता येत नव्हतं.

"काय लिहिलं वो, काकू?"

मी वाचून दाखवलं. "निराधार विधवा भगिनीस सप्रेम भेट."

आमच्या हकीकतीत मान आणि टोपलं होतं, नवरा नव्हता, पण विधवा शब्दही नव्हता, सून शपथेवर सांगते. त्यांनी उघडा गळा पाहिला आणि बाकीचं आपल्या मनानं भरलं. मी मुलाला बाजूला ओढलं. तो दातांतल्या दातांत म्हणाला, "चूप बस, आई. आता बोललो तं आपन खोटे ठरतो. गाडी वापस नेतीन थे."

हे भाजीवालीनंही ऐकलं. तिनं पोत पदराखाली सारली.

नेमका तेव्हाच तिचा नवरा काठी टेकत, पाय ओढत, गाडी पाहायला आला. आलेल्या बाईनं गोड आवाजात विचारलं, "हे आजोबा कोण?"

मुलानं सुनेकडे पाहिलं. मी गाडीकडे. भाजीवालीनं एक हात गाडीच्या दांड्यावर ठेवला, घट्ट.

"भाऊ होय माहा," ती म्हणाली.

"किती छान! भावाचा आधार आहे म्हणायचा," ती बाई म्हणाली आणि दोघांना गाडीजवळ उभं करून फोटो काढला. नवरा फोटोत हसतो आहे. लकव्याचं हसू, वाकडं.

पाहुणे गेल्यावर त्यानं तोंड जुळवून जुळवून एक वाक्य बाहेर काढलं. "राखी बांधजो मंग."

ती गाडी ढकलत घरी गेली, तो मागे.

गावाला आयतंच मिळालं. चौरस्त्यावर पानठेल्याजवळची माणसं ओरडत, "काय वो, भावाले जेवू घातलं का?" शाळेतली पोरं पाटी मोठ्यानं वाचत. मी म्हणाले, "चार खिळे होय बाई, काढून फेक." ती म्हणाली, "थे मानसं पाहाले येतो म्हने, काकू. पाटी नाई दिसली तं?" मग तिनं युक्ती काढली. सांबाराच्या जुड्या दोरीला बांधून पाटीवरून सोडायची, नेमक्या त्या शब्दावर. सकाळी शब्द झाकलेला असे. दुपारपर्यंत सांबार विकला जाई आणि शब्द उघडा पडे. माझ्या दारी ती दुपारीच यायची.

ती माणसं पाहायला कधीच आली नाहीत. पुढच्या दिवाळीला त्यांनी दुसऱ्या कोणाला पसंत केलं. आमच्या मुलानं तो बाजारही सोडला, गुंडांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं.

तिची मान थोडी सुधारली. गाडीनं घर चाललं, हे खोटं नाही. नवऱ्यालाही तिनं उपाशी ठेवलं नाही. पण राखीच्या दिवशी तो दरवर्षी हात पुढे करायचा, चांगला हात. ती ताट ठेवायची आणि उठून जायची.

तो गेला तेव्हा मी तिच्या घरी गेले. चार बाया जमल्या होत्या. बांगड्या फोडल्या. मग एक म्हातारी पोत काढायला पुढे झाली. भाजीवालीनं तिचा हात धरला आणि स्वतःच पोत काढून तिच्या ओंजळीत टाकली.

"हे तं मी तवाच काढली," ती म्हणाली. "काकूच्या आंगनात."

बायांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "हो."

तेरवीनंतर ती परत गाडी घेऊन निघाली. सकाळची वेळ होती, पण पाटीवर जुड्या नव्हत्या. मी सांबार मागितला.

"खाली ठेवला हाय, काकू," ती म्हणाली आणि वांग्यांच्या मागून काढून दिला.